विद्यापीठात शिकताना रोजचा खर्च आटोक्यात कसा ठेवावा?

नवप्रवेशित (प्रश्न)

नमस्कार. पुढच्या सत्रापासून मी पदव्युत्तर शिक्षणासाठी घराबाहेर राहणार आहे. शिष्यवृत्तीची रक्कम सत्राच्या सुरुवातीला एकदाच हातात पडेल, घरून थोडी मदत होईल, आणि एवढ्यावरच संपूर्ण सत्र निभावून न्यायचे आहे. अभ्यासक्रम असा आहे की पहिले वर्षभर तरी अर्धवेळ नोकरीला फारसा वेळ मिळेल असे वाटत नाही. त्यामुळे उत्पन्न वाढवण्यापेक्षा खर्च कमी करण्याचाच मार्ग मला मोकळा आहे.

काटकसरीच्या सल्ल्यांची कमतरता नाही. परंतु बहुतेक सल्ले बाहेरचे पेय पिणे सोडा, चार्जर बंद ठेवा, सवलतीचे कूपन शोधा अशा किरकोळ गोष्टींभोवती फिरतात. हे सगळे पाळूनही महिनाअखेरीस हातात काही उरत नाही असे अनेक ज्येष्ठ विद्यार्थी सांगतात. म्हणून माझा प्रश्न असा आहे की विद्यार्थ्याच्या रोजच्या जगण्यात पैसा नेमका कोठे जातो, आणि कोणत्या निर्णयांकडे आधी लक्ष दिले तर खरोखर फरक पडतो?

सध्या माझ्यापुढे दोन खोल्यांचे पर्याय आहेत. एक विद्यापीठापासून चालत जाण्याच्या अंतरावर पण महाग, तर दुसरी दूर आणि स्वस्त. स्वयंपाक मला जेमतेम येतो. पुस्तकांची यादी आली आहे आणि ती पाहून धडकी भरली आहे. या तिन्ही बाबतींत अनुभवी लोकांनी मार्गदर्शन केले तर उपकार होतील.

जमाखर्च

आपण प्रश्न योग्य ठिकाणी नेऊन ठेवला आहे. काटकसरीच्या नावाखाली आपल्याकडे बहुधा मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा असाच प्रकार चालतो. विद्यार्थ्याच्या खर्चात निवास, प्रवास आणि अन्न या तीन बाबींचा वाटा इतका मोठा असतो की त्यांपैकी एकीबद्दलचा निर्णय चुकला, तर वर्षभर बारीकसारीक गोष्टींत केलेली बचत त्याची भरपाई करू शकत नाही.

आधी खोलीचे पाहू. भाडे आणि प्रवासखर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे समजून त्यांची तुलना करू नये. दोन्हींची बेरीज हीच त्या खोलीची खरी किंमत. समजा, जवळच्या खोलीचे मासिक भाडे १०० धरले आणि दूरच्या खोलीचे ८०, तर वरवर पाहता २० वाचतात. पण दूरच्या खोलीमुळे प्रवासावर १५ खर्च झाले, तर खरी बचत केवळ ५ उरते. त्यात जाण्यायेण्यास प्रत्येक खेपेला ४० मिनिटे अधिक लागत असतील आणि महिन्यात २२ दिवस जावे लागत असेल, तर दरमहा सुमारे २९ तास रस्त्यावर जातात. त्या ५ साठी इतके तास देणे परवडते का, याचा विचार ज्याचा त्याने करावा. माझे स्पष्ट मत असे की दूरची खोली तेव्हाच घ्यावी, जेव्हा प्रवासासह फरक डोळ्यांत भरण्याइतका मोठा असेल, किंवा प्रवासात बसून वाचन होण्याजोगी सोय असेल. उशीर झाल्यावर नाइलाजाने खाजगी वाहन करावे लागणे आणि दुपारी खोलीवर येऊन जेवता न आल्यामुळे बाहेर खावे लागणे, हे दोन छुपे खर्चही दूरच्या खोलीला चिकटलेले असतात.

भाड्याचा करार करताना आणखी एक गोष्ट आवर्जून विचारावी, ती म्हणजे भाडे वर्षाच्या किती महिन्यांचे आहे. शैक्षणिक वर्ष बहुधा ९-१० महिन्यांचे असते, तर करार पुष्कळदा पूर्ण १२ महिन्यांचा. मासिक भाडे कमी असलेली पण १२ महिन्यांची खोली, मासिक भाडे थोडे जास्त असलेल्या ९ महिन्यांच्या खोलीपेक्षा महाग पडू शकते: दरमहा ८० प्रमाणे १२ महिन्यांचे ९६० होतात, आणि दरमहा १०० प्रमाणे ९ महिन्यांचे ९००. वीज, पाणी आणि इंटरनेट भाड्यात धरले आहे की वेगळे, खोली सोडण्याची पूर्वसूचना किती दिवसांची, अनामत रक्कम कोणत्या कारणांसाठी कापली जाऊ शकते, हे सर्व लेखी असावे. राहायला जाण्याच्या दिवशीच भिंती, फरशी, नळ, खिडक्या यांची छायाचित्रे घ्यावीत, मीटरवरील आकडा टिपून ठेवावा, आणि त्याची एक प्रत घरमालकालाही पाठवावी. परत मिळालेली अनामत ही विद्यार्थ्याच्या वर्षातील कदाचित सर्वांत मोठी बचत असते, आणि तिच्यासाठी एका दुपारीपेक्षा अधिक श्रम पडत नाहीत.

आता एकरकमी शिष्यवृत्तीविषयी. सत्राच्या प्रारंभी खात्यात मोठी रक्कम दिसते आणि पहिल्या तीन आठवड्यांत हात सैल सुटतो. हा दोष स्वभावाचा कमी आणि रकमेच्या स्वरूपाचा अधिक आहे. रक्कम आल्याबरोबर संपूर्ण सत्राचे भाडे, शुल्क आणि प्रवासाचा पास बाजूला काढावा. उरलेल्या रकमेतून अनियमित पण निश्चित येणारे खर्च, म्हणजे परीक्षा शुल्क, छपाई, औषधपाणी, सुट्टीत घरी जाण्याचे भाडे, थंडीचे कपडे, यांसाठी अंदाजाने एक वाटा वेगळा ठेवावा. मग जे उरेल त्याला सत्राच्या आठवड्यांनी भागावे आणि तेवढीच रक्कम दर आठवड्याला एका वेगळ्या, रोजच्या वापराच्या खात्यात वळती करावी. महिन्याऐवजी आठवडा धरण्याचे कारण असे की आठवड्यात चूक झाली तर ती चार दिवसांत लक्षात येते आणि पुढच्या आठवड्यात भरून काढता येते; महिन्याच्या हिशेबात ती विसाव्या दिवशी उघडकीस येते आणि तेव्हा उधारीशिवाय मार्ग नसतो.

उत्पन्नाचे ५० टक्के गरजांवर, ३० टक्के हौसेवर आणि २० टक्के बचतीत, असा एक नियम सर्वत्र सांगितला जातो. तो नियमित पगारदार माणसाला धरून आहे. विद्यार्थ्याच्या बाबतीत गरजांचाच वाटा ८०-८५ टक्क्यांवर जाऊ शकतो, आणि त्यात अपराधी वाटून घेण्यासारखे काही नाही. एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली कुटुंबांच्या खर्चाच्या नोंदींवरून दाखवून दिले होते की उत्पन्न जितके कमी, तितका त्यातील अन्नावरचा वाटा मोठा. विद्यार्थी या नियमाच्या टोकाला बसलेले असतात. म्हणूनच निवासानंतर आपले लक्ष अन्नाकडे वळले पाहिजे, आणि त्याविषयी माझ्यापेक्षा अधिक जाणणारे येथे आहेत.

उष्मागतिक

जमाखर्च यांच्या विवेचनाशी मी सहमत आहे. अन्न आणि वीज या दोन विषयांत थोडे आकड्यांनिशी लिहितो, कारण अंदाजाने केलेली काटकसर बहुधा चुकीच्या जागी होते.

विजेचे एक युनिट म्हणजे १००० वॉटचे उपकरण एक तास चालवणे. मोबाइलची बॅटरी साधारण १५ ते २० वॉट-तासांची असते. ती रोज रिकामी करून रोज पूर्ण भरली, तरी भारताना (चार्जिंग करताना) होणारी तूट धरून वर्षभरात १० युनिटच्या आसपास वीज लागते. २००० वॉटचा हीटर तीच १० युनिटे ५ तासांत संपवतो. याचा अर्थ चार्जर बंद करण्याची शिस्त वाईट आहे असा नव्हे. परंतु चार्जर काढून ठेवणारा आणि खिडकीची फट बुजवल्यावाचून हीटर लावणारा विद्यार्थी भलत्याच ठिकाणी श्रम करत असतो. ज्या उपकरणाचे काम उष्णता निर्माण करणे किंवा उष्णता बाहेर फेकणे हे आहे, तेच बिल वाढवते. पाणी तापवण्याचा गीझर, खोली तापवणारा हीटर, वातानुकूलन यंत्र, कपडे वाळवण्याचे यंत्र आणि विजेची शेगडी ही यांतील प्रमुख. दिवा, पंखा, लॅपटॉप यांचा क्रमांक फार मागे लागतो, अर्थात दिवा जुन्या तारेच्या पद्धतीचा नसेल तर. ६० वॉटचा तो दिवा जेवढा प्रकाश देतो, साधारण तेवढाच ९ वॉटचा एलईडी देतो.

एक लिटर पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवण्यास सुमारे ४.२ किलोजूल ऊर्जा लागते. ३६०० किलोजूल म्हणजे विजेचे एक युनिट; या हिशेबाने १५ लिटर पाणी २० अंशांवरून ४० अंशांवर नेण्यास सुमारे ०.३५ युनिट खर्च होते, आणि एवढ्या विजेवर ९ वॉटचा दिवा जवळजवळ ३९ तास जळतो. त्यामुळे वीजबिल आपल्याला वेगळे भरावे लागणार असेल, तर आंघोळीचे पाणी किती आणि किती तापवायचे हा एकच निर्णय दिव्यांच्या सगळ्या बटणांपेक्षा मोठा ठरतो. कपडे धुण्याच्या यंत्रातही बरीच ऊर्जा पाणी तापवण्यातच जाते. रोजचे कपडे थंड पाण्यात चांगले निघतात, आणि यंत्र पूर्ण भरल्यावरच लावले तर फेऱ्या कमी होतात.

स्वयंपाकघरातही हेच तत्त्व चालते. एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत नेण्यास ३३६ किलोजूल लागतात. पण तेच पाणी पूर्णपणे वाफ करून उडवण्यास सुमारे २२५७ किलोजूल, म्हणजे साडेसहापटींहून अधिक. उघड्या भांड्यात आधण खळखळत ठेवले की इंधन अन्न शिजवण्यात नव्हे तर वाफ उडवण्यात खर्ची पडते, कारण आच कितीही मोठी केली तरी उघड्या भांड्यातले पाणी १०० अंशांच्या पुढे जात नाही. उकळी फुटल्यावर झाकण ठेवून आच मंद करावी. शिजण्याचा वेळ तोच राहतो. प्रेशर कुकरमध्ये दाब वाढल्याने पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत द्रवरूपात राहते, म्हणून कडक धान्येही लवकर शिजतात. कडधान्ये आधी भिजत घातली तर वेळ आणखी वाचतो.

स्वयंपाक जेमतेम येतो असे आपण लिहिले आहे. तो उत्तम येण्याची गरजही नाही. चार-पाच पदार्थ असे शिकावेत की ज्यांचे साहित्य एकमेकांत वापरता येते, म्हणजे एका पदार्थासाठी आणलेल्या भाजीचा उरलेला अर्धा भाग दुसऱ्यात खपतो. नवशिक्यांचा खर्च महाग साहित्यामुळे क्वचितच वाढतो. आणलेले कुजून टाकून द्यावे लागल्यामुळे तो वाढतो. म्हणून वाणसामान आणण्यापूर्वी शिल्लक काय आहे ते पाहावे, आणि त्या शिलकीवरून आठवड्याचा बेत ठरवावा. टिकाऊ कोरडा शिधा मोठ्या प्रमाणात, नाशवंत माल थोडा आणि वरचेवर, हा जुना नियम आजही चुकत नाही. पाकिटावरील किमतीऐवजी वजनाच्या एककामागची किंमत पाहावी. मोठे पाकीट बहुधा स्वस्त पडते, पण नेहमीच नाही, आणि दुकानदारांना हे चांगले ठाऊक असते.

तारखांविषयीचा गैरसमजही पैसे खातो. ‘या तारखेपूर्वी सर्वोत्तम’ हा शिक्का चव आणि पोत यांच्याशी संबंधित आहे. ती तारीख उलटल्यावर पदार्थ लगेच टाकून देण्याचे कारण नसते. ‘या तारखेपर्यंतच वापरा’ हा मात्र सुरक्षिततेचा शिक्का आहे आणि तेथे काटकसर करू नये. एकदम जास्त शिजवून ठेवायचे असेल, तर अन्न दोन तासांच्या आत शीतकपाटात जावे, आणि शीतकपाटाचे तापमान ५ अंशांपेक्षा जास्त नसावे. बाहेर राहिलेले अन्न पुन्हा खदखदून उकळले की निर्धोक होते असे मानले जाते, ते खरे नाही. काही जिवाणूंनी तयार केलेली विषे उकळूनही नष्ट होत नाहीत. आजारपणाचे बिल आणि बुडलेले वर्ग लक्षात घेता ही बचत फार महागात पडते.

तिसरा_बाक

वरील सर्व मान्य. मात्र एक पुरवणी जोडावीशी वाटते. सगळ्यांनी स्वतःच स्वयंपाक करावा हा आग्रह मला पटत नाही. विद्यापीठाच्या अनुदानित भोजनालयात एक वेळचे जेवण घरच्या साहित्याच्या खर्चाच्या जवळपास मिळत असेल, तर दुपारचे तेथे आणि रात्रीचे खोलीवर अशी विभागणी केल्याने इंधन, वेळ आणि भांडी घासण्याचा कंटाळा तिन्ही वाचतात. एकट्या माणसाचा स्वयंपाक मुळात महाग असतो, कारण प्रमाण लहान आणि नासाडी जास्त. दोघातिघांनी मिळून पाळीपाळीने केला तर गणित पुष्कळ सुधारते. आणि ज्या रात्री दुसऱ्या दिवशी परीक्षा आहे, त्या रात्री कशाचाही हिशेब न करता जे सोपे पडेल ते खावे.

संदर्भकक्ष

पुस्तकांची यादी पाहून धडकी भरली असे आपण म्हटले आहे. मी अनेक वर्षे विद्यापीठीय ग्रंथालयात काम केले आहे, त्यामुळे या भागावर अधिकाराने लिहू शकते.

वर्ग सुरू होण्यापूर्वी एकही पुस्तक विकत घेऊ नये. वाचनसूचीत अनिवार्य, पूरक आणि संदर्भासाठी अशा तीन प्रकारची पुस्तके एकत्र लिहिलेली असतात, आणि अनेकदा प्राध्यापक अनिवार्य म्हणून दिलेल्या पुस्तकातील दोन-तीन प्रकरणेच शिकवतात. पहिले दोन आठवडे ग्रंथालयातील राखीव प्रतींवर भागवावे. अनेक ग्रंथालयांत प्रत्येक अभ्यासक्रमाच्या काही प्रती घरी न देता तेथेच काही तास वाचायला देण्यासाठी ठेवलेल्या असतात, आणि विद्यार्थी त्या फारशा मागत नाहीत. जे पुस्तक आपल्या ग्रंथालयात नाही ते आंतरग्रंथालयीन देवघेवीतून दुसऱ्या संस्थेकडून मागवता येते का, हे कक्षात विचारावे. आठ-दहा दिवस लागतील असे धरून मागणी आधीच नोंदवावी.

नवी आवृत्ती आणि जुनी आवृत्ती यांतील फरक विषयानुसार बदलतो. गणित, अभिजात भौतिकी, तर्कशास्त्र, भाषाशास्त्राची मूलतत्त्वे यांत जुनी आवृत्ती बहुतेक वेळा पुरते. अडचण येते ती स्वाध्यायांच्या क्रमांकांची, आणि ती मित्राच्या नव्या प्रतीवरून सुटते. कायदा, करप्रणाली, वैद्यकातील उपचारपद्धती आणि संगणकाच्या प्रणाली यांत मात्र जुनी आवृत्ती घेऊ नये. तेथे वाचलेले पैसे चुकीचे शिकण्यात जातात. शंका असेल तर प्राध्यापकांना सरळ विचारावे. हा प्रश्न त्यांना खटकत नाही, उलट अनेकजण स्वतःची प्रत काढून देतात.

काही विषयांना पाठ्यपुस्तक विकत घेण्याचीच गरज उरलेली नाही. राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स या उपक्रमातून २०१२ पासून पायाभूत विषयांची पाठ्यपुस्तके विनामूल्य मिळतात. स्वामित्वहक्काची मुदत संपलेले साहित्य १९७१ मध्ये सुरू झालेल्या प्रोजेक्ट गुटेनबर्गवर आहे, आणि भौतिकी व गणितातील शोधनिबंधांच्या पूर्वप्रती १९९१ पासून अर्काइव्ह (arXiv) या खुल्या संग्रहावर कोणालाही वाचता येतात. विद्यापीठाच्या खात्यातून प्रवेश केला की वर्गणीची नियतकालिकेही खुली होतात. त्याची किंमत आपल्या शुल्कात आधीच भरलेली असते, म्हणून एखादा निबंध पैसे भरून उतरवण्यापूर्वी ग्रंथालयाच्या मार्गाने प्रयत्न करावा.

सॉफ्टवेअरचेही असेच. विद्यापीठाने घेतलेला परवाना आहे का हे आधी पाहावे. नसेल तर लेखन आणि तक्त्यांसाठी लिबरऑफिस, संख्याशास्त्रासाठी आर (R) ही संगणकभाषा, संदर्भसूचीसाठी झोटेरो ही सारी विनामूल्य आणि कायदेशीर साधने पदव्युत्तर कामाला पुरतात. लॅपटॉप नवाच हवा असेही नाही. चांगल्या अवस्थेतील जुन्या लॅपटॉपची फिरती तबकडी (हार्ड डिस्क) काढून त्याजागी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान साठवण, बसवली आणि शक्य असेल तेथे स्मृती (रॅम) वाढवली, तर लेखन-वाचनाच्या कामासाठी तो आणखी काही वर्षे सहज चालतो. विकत घेण्यापूर्वी बॅटरीची अवस्था आणि पडद्याच्या बिजागऱ्या मात्र तपासाव्यात.

शेवटी एक गोष्ट, जिच्याकडे स्वाभिमानापोटी दुर्लक्ष होते. अनेक विद्यापीठांत अडचणीत आलेल्या विद्यार्थ्यांसाठी साहाय्यनिधी, शुल्कसवलत, हप्त्यांनी शुल्क भरण्याची मुभा, विनामूल्य वैद्यकीय तपासणी आणि समुपदेशन यांची तरतूद असते. अर्जाची मुदत मात्र बहुधा सत्राच्या पहिल्या काही आठवड्यांतच संपते. अडचण आल्यावर शोधाशोध करण्यापेक्षा या मुदती आताच दिनदर्शिकेत लिहून ठेवाव्यात.

व्याजदर

उधारीचा उल्लेख वर एका वाक्यात येऊन गेला. माझ्या मते तो विषय स्वतंत्र उत्तराच्या योग्यतेचा आहे. क्रेडिट कार्डावर दरमहा ३ टक्के व्याज म्हणजे वर्षाला ३६ टक्के असे वाटते, पण व्याजावर व्याज चढत गेल्याने ते वर्षाला सुमारे ४२.६ टक्के होते, आणि काहीच न फेडल्यास २४ महिन्यांत मूळ रक्कम दुपटीहून किंचित जास्त होते. विवरणपत्रावर छापलेली किमान देय रक्कम भरली की विलंबशुल्क टळते, व्याज टळत नाही. त्या भरण्यातील बराचसा भाग व्याजातच जातो आणि मुद्दल तेथेच राहते. कार्ड वापरायचेच असेल तर पूर्ण रक्कम मुदतीत आपोआप वळती होईल अशी व्यवस्था करावी, आणि तेवढी रक्कम खात्यात नसेल तर ते कार्ड वापरू नये.

हप्त्यांवर वस्तू घेताना सांगितलेला दर सपाट, म्हणजे मुदतभर मूळ रकमेवरच आकारलेला आहे, की फेडीबरोबर घटणाऱ्या शिलकीवरचा, हे विचारावे. समजा १२०० ची वस्तू सपाट १० टक्क्यांनी वर्षभराच्या हप्त्यांवर घेतली. व्याज १२० आणि दरमहा हप्ता ११०. पण पहिल्या महिन्यात आपले देणे १२०० असले, तरी शेवटच्या महिन्यात फक्त १०० असते. सरासरी कर्ज ६५० च असते. त्यामुळे खरा वार्षिक दर सुमारे १८ टक्के पडतो. ‘बिनव्याजी’ हप्त्यांत प्रक्रियाशुल्क किंवा रोखीवरची हुकलेली सवलत दडलेली असते. दोन्ही मार्गांनी शेवटी एकूण किती द्यावे लागते एवढीच तुलना करावी.

सवलतींबद्दलही थोडे. विद्यार्थी सवलतीत घेतलेली वस्तू सवलत नसती तर आपण घेतली असती का, एवढेच विचारावे. उत्तर नाही असेल तर बचत शून्य. विनामूल्य चाचणीवर घेतलेल्या वर्गण्या मुदतीनंतर आपोआप सशुल्क होतात. नोंदणी केली त्याच दिवशी रद्द करण्याची तारीख लावून ठेवावी, किंवा सेवा देणाऱ्याने परवानगी दिली असेल तर लगेच रद्द करून मुदतीपर्यंत वापरत राहावे. व्यायामशाळेचा वार्षिक पास घेतल्यावर जाणे थांबले, तरी पैसे भरलेत म्हणून मन नसताना जात राहणे किंवा त्याच कारणाने नूतनीकरण करणे, दोन्ही व्यर्थ आहे, कारण गेलेले पैसे कोणत्याच मार्गाने परत येत नाहीत.

रोजचा प्रत्येक खर्च लिहून ठेवण्याचा सल्ला येथे कोणी दिला नाही याचे मला बरे वाटले. एक महिना तो लिहावा, आपला कल कळतो. त्यानंतर आठवड्याच्या खात्यातील शिल्लक पाहणे पुरेसे आहे.

नवप्रवेशित

सर्वांचे मनापासून आभार. दोन्ही खोल्यांची १२ महिन्यांची आणि प्रवासासह बेरीज मांडून पाहिली. जवळची खोली जवळजवळ तेवढ्यालाच पडते आहे. मात्र ती दोन खोल्यांचे घर असलेल्या ठिकाणी आहे आणि तेथे आणखी एक विद्यार्थी राहणार आहे. एक खोली मोठी व हवेशीर आहे, दुसरी लहान आणि रस्त्याकडची. भाडे निम्मे-निम्मे करणे अन्यायाचे वाटते, पण फरक किती ठेवावा हे दोघांनाही सुचत नाही. या बाबतीत काही रीत आहे का?

जमाखर्च

रीत आहे, आणि तिच्यामागे गणितही आहे. दोघांसाठीची युक्ती जुनीच: एकाने विभागणी करावी, दुसऱ्याने निवड करावी. आपण एकूण भाडे १०० धरून दोन्ही खोल्यांचे भाव असे ठरवावेत की कोणतीही खोली वाट्याला आली तरी आपल्याला सारखेच वाटेल, उदाहरणार्थ मोठीचे ५६ आणि लहानीचे ४४. मग पहिली निवड दुसऱ्या विद्यार्थ्याने करावी. आपण भाव प्रामाणिकपणे लावले असतील तर तक्रारीला जागा राहत नाही, आणि त्याने स्वतः निवडल्यामुळे त्यालाही राहत नाही. तीन किंवा अधिक जण असले तर प्रकरण गुंतागुंतीचे होते. फ्रान्सिस सू या गणितज्ञाने १९९९ मध्ये स्पर्नर या गणितज्ञाच्या १९२८ च्या एका सिद्धांतिकेचा आधार घेऊन दाखवले की काही साध्या अटी पाळल्या, तर कोणालाही दुसऱ्याच्या खोलीचा हेवा वाटणार नाही अशी भाड्याची विभागणी नेहमीच अस्तित्वात असते. आपल्याला तेवढ्या खोलात जाण्याची गरज नाही.

सामाईक खर्चांपैकी इंटरनेट, साफसफाईचे साहित्य यांची समान वाटणी करावी. वीजबिलात एकाच्याच खोलीत हीटर किंवा वातानुकूलन असेल, तर त्या उपकरणाचा वॉट आणि वापराचे तास धरून तेवढा भाग त्याच्याकडे द्यावा. हिशेब भाड्याच्या तारखेलाच मिटवावा, म्हणजे तो लांबत नाही. आणि करारावर दोघांच्या सह्या एकत्र घेतल्या जाणार असतील, तर एकजण मधेच निघून गेल्यास त्याचा वाटा दुसऱ्याकडून वसूल होऊ शकतो का, हे आताच वाचून घ्यावे. तसे असेल तर सही करण्यापूर्वी आपसात एक कागद करावा: सोडून जाणाऱ्याने किती आधी सांगायचे, बदली विद्यार्थी कोणी शोधायचा, आणि तो मिळेपर्यंतचे भाडे कोणी भरायचे.